मानेत गाठ, चालताना झोक जातो : मुंबईत कुणाला दाखवावं?

पंचगंगाकाठ
नमस्कार. आम्ही कोल्हापूर, शिवाजी पेठ. भाचा ७ वर्षांचा. चालायला लागल्यापासून झोकांड्या जातात. वर्षातून चार-पाचदा छाती भरते, कान फुटतो. आजवर 'सेरेब्रल पाल्सी' धरून फिजिओथेरपी चाललीय. दिवाळीला मानेत सुपारीएवढी गाठ आली, आता लिंबाएवढी झालीय. बायोप्सीत लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. आता सीटी, मग केमो म्हणतायत. ताई सख्ख्या आत्याच्याच घरात दिलीय. इथंच करावं का मुंबई?

लेकीचीआई
दादा, आधी दोन गोष्टी बघा. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बारीक लाल शिरा दिसतात का? बाजूला बघायचं तर तो मान झटकतो का?

पंचगंगाकाठ
होय ओ! शिरा वर्षभर आहेत. बाई म्हणायच्या, टीव्ही जास्त बघतो. आणि गल्लीत क्रिकेट बघताना आधी ह्याची मान वळते, डोळे मागनं येतात.

लेकीचीआई
आमच्याकडं हेच. आम्ही डोळे आले म्हणून ड्रॉप घालत बसलो. निघालं अ‍ॅटॅक्सिया-टेलँजिएक्टेशिया, लोक 'एटी' म्हणतात. जन्मजात प्रतिकारशक्ती कमी, मेंदूचा तोल सांभाळणारा भाग झिजत जातो, आणि रक्ताचा कॅन्सर किंवा लिम्फोमा व्हायचा धोका मोठा. जीन एटीएम, सापडलं १९९५ला. आईबाप दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतःला आजार नाही पण बिघडलेलं जीन अंगात आहे, तर प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के शक्यता. नात्यातल्या लग्नात हे जास्त दिसतं. भाच्याला हेच आहे असं मी म्हणत नाही, पण केमोआधी तपासाच. या मुलांच्या पेशींना किरणांनी झालेली इजा नीट दुरुस्त करता येत नाही. रेडिएशन शक्यतो टाळतात, केमोचे डोसही बघून कमी करतात.

राजारामपुरीकर
घाबरवू नका त्यांना. सीटी न करता आजार कुठवर पसरलाय ते कळणार कसं?

लेकीचीआई
सीटी नकोच असं कुठं म्हटलं? 'एटीचा संशय आहे, सोनोग्राफी-एमआरआयवर भागेल का' एवढंच विचारायचं. सीटीत क्ष-किरणं असतात, त्यांत नसतात. डॉक्टर नाहीच भागणार म्हणाले तर करायचं. पण केमोलाही उगाच उशीर नको, लिम्फोमा थांबत नाही.

लॅबवाला_केपी
रक्तात एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन, एक प्रथिन) करा, कोल्हापुरात होतं. दोन वर्षांपुढच्या मुलात वाढलेलं असेल तर एटीचा संशय पक्का होतो. सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं; त्यातला आयजीए बहुतेकदा कमी येतो. पक्कं निदान जीन टेस्टनं.

मुंबईत सगळं परळलाच आहे. केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) एनआयआयएच ही संस्था, प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारांच्या तपासण्या तिथं होतात. जवळच मुलांचं वाडिया, आणि कॅन्सरचं टाटा. बायोप्सीचे ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड दोन्ही मागून घ्या, नुसता रिपोर्ट नेऊ नका.

लेकीचीआई
आणि एटी निघालंच तर ताईंनाही सांगा. वाहक बायकांत स्तनाच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो, तपासणी चालू ठेवायची. मला हे तीन वर्षांनी कळलं.

पंचगंगाकाठ
एएफपी आलं. २१८, रिपोर्टवर नॉर्मल १०च्या आत लिहिलंय. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं, सीटी थांबवून स्वतःच टाटाला चिठ्ठी दिली. ब्लॉक मिळाले. महालक्ष्मी एक्स्प्रेसचं वेटिंग १४ आहे. उतरायचं कुठं, सीएसएमटी?

लॅबवाला_केपी
दादर. लोकलनं परळ एकच स्टेशन, पण पोराला त्या गर्दीत घालू नका, टॅक्सी करा.