मदत हवी आहे: १ मेगाहर्ट्झची ५ व्होल्टची स्क्वेअर वेव्ह १२ व्होल्टपर्यंत कशी न्यावी?

नमस्कार मंडळी,

बीएस्सीच्या मुलांसाठी पाण्यातला ध्वनीचा वेग मोजायचा प्रयोग कमी खर्चात उभा करतोय. धातूच्या पेल्याच्या तळाला पिझो चकती (व्होल्टेज दिलं की थरथरणारी), वर पाणी आणि समोर स्क्रूने वरखाली होणारी पट्टी. पाण्यात वेग सेकंदाला १,४९० मीटरच्या आसपास, म्हणजे १ मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण दीड मिलिमीटर. पट्टी दर पाऊण मिलिमीटर, म्हणजे अर्धी तरंगलांबी, सरकली की चकतीचा करंट बदलायला हवा. हा आकडा मुलांनी स्वतः स्क्रू फिरवून काढावा अशी फार इच्छा आहे.

सिग्नल क्रिस्टल ऑसिलेटरच्या डबीतून घेतलाय. ५ व्होल्ट, कडा एकदम ताठ. पण तेवढ्यावर मीटरचा काटा जेमतेम हलतो, म्हणून १२ व्होल्ट हवेत. एलसीआर मीटरवर चकती ९०० पिकोफॅरड दाखवते.

आधी ७४१ ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी आयसी) लावून पाहिला, अडीच पट गेन ठेवून. आउटपुटला पाव व्होल्टचा बारीक त्रिकोण आला. मग बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, कलेक्टरला १२ व्होल्टवरून १ किलोओहम. चकती जोडली की सीआरओवर (लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) लहर खाली येताना सरळ कोसळते, वर जाताना मात्र वाक घेत कशीबशी ५ व्होल्टपर्यंत पोचते. बीसी ५४७ तर १०० मेगाहर्ट्झच्या पुढे चालतो म्हणतात, मग इथे काय अडतंय? बुधवार पेठेत सहज मिळतील अशा सुट्या भागांत जमेल असं काही सुचवा.

प्रतिसाद

तुमचे दोन्ही आकडे गणिताशी तंतोतंत जुळतात, त्यामुळे जोडणी बरोबर आहे.

७४१ चा स्लू रेट, म्हणजे आउटपुट चढण्या-उतरण्याचा कमाल वेग, मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट. तुमचा अर्धा फेरा अर्ध्या मायक्रोसेकंदाचा. तेवढ्यात आउटपुट पाव व्होल्टच चढणार, गेन कितीही ठेवा. टीएल ०७२ हा वेगवान ऑप-अँप घेतलात तर मायक्रोसेकंदाला १३ व्होल्टच्या आसपास मिळतील. म्हणजे अर्ध्या फेऱ्यात साडेसहा, तेही कमीच.

ट्रान्झिस्टरचं दुखणं वेगळं. खाली ओढायला ट्रान्झिस्टर आहे, वर न्यायला फक्त तो १ किलोओहम. १ किलोओहम गुणिले ९०० पिकोफॅरड म्हणजे ०.९ मायक्रोसेकंदाचा टाइम कॉन्स्टंट. अर्ध्या मायक्रोसेकंदात चकती ५ व्होल्टपर्यंतच भरते, नेमकं तेच तुम्हाला दिसतंय. रेझिस्टर १०० ओहमचा केला तर कडा सुधारेल, पण ट्रान्झिस्टर चालू असताना त्यातून १२० मिलिअँपिअर वाहतील. बीसी ५४७ ची मर्यादाच १०० आहे. शिवाय सॅच्युरेशनमधून (पूर्ण चालू अवस्थेतून) बाहेर यायला त्याला वेळ लागतो, तो वेगळा. बेसच्या रेझिस्टरला समांतर ४७ पिकोफॅरड लावून तो भाग थोडा सुधारतो, चार्जिंगचा प्रश्न तसाच राहतो.

इथे वर आणि खाली दोन्हीकडे जोर लावणारा आउटपुट हवा. मी सरळ मॉसफेट गेट ड्रायव्हर, म्हणजे मॉसफेट ट्रान्झिस्टरचा गेट झटपट चार्ज-डिस्चार्ज करणारी आयसी, वापरीन: टीसी ४४२७. सप्लाय १८ व्होल्टपर्यंत चालतो, इनपुटला ५ व्होल्टचं लॉजिक थेट देता येतं आणि १,००० पिकोफॅरडचा लोड तो २५ नॅनोसेकंदांच्या आसपास चढवतो. गेटही शेवटी कपॅसिटरच, तुमची चकतीही तशीच. उष्णतेची काळजी नको: ९०० पिकोफॅरड, १२ व्होल्टचा वर्ग आणि १ मेगाहर्ट्झ यांचा गुणाकार ०.१३ वॉट येतो.

पाय ६ ला १२ व्होल्ट, ३ ला ग्राउंड, २ ला सिग्नल, ७ ला आउटपुट. दुसरा इनपुट, म्हणजे पाय ४, ग्राउंडला बांधा, मोकळा सोडू नका. ६ आणि ३ यांच्या अगदी अंगाला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, शेजारी १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक. आउटपुट आणि चकती यांच्यामध्ये १० ओहम टाका, म्हणजे कडांवरचं रिंगिंग (थरथर) आवरेल. ब्रेडबोर्डपेक्षा झिरो बोर्डवर आखूड तारांनी सोल्डर केलेलं बरं.

आणि प्रोब ×१० वर ठेवून बघा. ×१ वर प्रोबच सर्किटवर १०० पिकोफॅरडच्या आसपास बोजा टाकतो आणि बँडविड्थ ५-६ मेगाहर्ट्झवर येते. स्क्वेअर वेव्हचे तिसरे-पाचवे हार्मोनिक ३ आणि ५ मेगाहर्ट्झला असतात. तिथेच कापले गेले तर चांगली लहरही गोल दिसेल.

धागाकर्ता

मनापासून आभार, ०.९ मायक्रोसेकंदांचं गणित लगेच पटलं. एक शंका. टीसी ४४२८ मध्ये एक आउटपुट सरळ आणि एक उलटा असतो. चकती त्या दोघांमध्ये जोडली तर २४ व्होल्टची झेप मिळेल का? पेला धातूचा आहे आणि चकतीची एक बाजू त्यालाच चिकटलेली आहे.

प्रतिसाद

झेप मिळेल, पण मग पेल्यावरही १ मेगाहर्ट्झ नाचेल. पेला सीआरओच्या किंवा सप्लायच्या अर्थला लागला की तो आउटपुट शॉर्ट. मुलांचे हात पेल्यावर असणार, तेव्हा पेला ग्राउंडलाच राहू द्या. आधी १२ व्होल्टवर काटा किती हलतो ते कळवा. कमी पडलं तर त्याच टीसी ४४२७ चा सप्लाय १५ करा.