ईएल ८४ ची प्लेट लाल होते, आवाज फाटतो: आजोबांचा व्हॉल्व्ह रेडिओ

सातारकर_ताई
नमस्कार मंडळी. आजोबांचा रेडिओ वीस-बावीस वर्षं माळ्यावर होता, गणपतीच्या आवराआवरीत खाली काढला. आत ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८० हे व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) आणि स्टेशन नीट लागलं की फट मिटणारा हिरवा डोळा. लावला तर डोळा उजळला, पुणे केंद्रही लागलं, पण मागे सतत भुणभुण. दहा मिनिटांत आवाज फाटला आणि ईएल ८४ च्या काचेआड प्लेट (आतला धातूचा पत्रा) निखाऱ्यासारखी लाल दिसली. घाबरून प्लगच काढला.

दुकानदार म्हणतो, आतलं सगळं काढून ब्लूटूथ बसवून देतो. मला ते अजिबात नकोय. आजोबा त्या डोळ्याची फट मिटेपर्यंत बटण हळूहळू फिरवायचे. तो डोळा मला चालू हवाय. व्हॉल्व्ह गेलाय का?

कंडेन्सर_काका
ताई, प्लग काढलात हे फार बरं केलंत. तसाच चालू राहिला असता तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर (स्पीकरला जोडणारा) जळाला असता, आणि तो मिळवताना नाकी नऊ येतात. व्हॉल्व्ह बहुधा ठीक आहे. माझा संशय कपलिंग कंडेन्सरवर. ईबीसी ८१ च्या प्लेटकडून ईएल ८४ च्या पिन २ ला जाणारा, मेणाचा. त्याने आवाज पुढे सोडायचा आणि डीसी अडवायचा. आतल्या कागदाने ओल धरली की डीसी झिरपतो, ग्रिड (पिन २ ची, करंट आवरणारी जाळी) पॉझिटिव्ह होते आणि व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो.

मीटर डीसीवर, काळी वायर चासीला (रेडिओच्या पत्र्याच्या सांगाड्याला), लाल पिन २ ला. शून्य हवं. एक व्होल्ट दिसला तरी तो कंडेन्सर काढा, त्याच किमतीचा ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर घाला.

भुणभुण फिल्टरची, म्हणजे वीजपुरवठा सपाट करणाऱ्या कंडेन्सरची. डबा कंडेन्सर वाळलाय. ३३ एमएफडी (मायक्रोफॅरड), ४५० व्होल्टचे दोन नवे चासीखाली लावा. जुन्याच्या तारा सोडवा, पण डबा वर तसाच राहू द्या, रेडिओचं रूप बदलत नाही. ईझेड ८० (एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह) नंतरचा पहिला कंडेन्सर ५० एमएफडीच्या वर नको. पहिल्यांदा सुरू करताना ६० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. तो लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे.

डोंबिवलीकर
एक सांगतो, प्लग काढला तरी फिल्टरमध्ये २५०-३०० व्होल्ट राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टन्सने आधी उतरवून घ्या, मीटरने खात्री करा, मगच हात घाला. तुमचे व्हॉल्व्ह 'ई'चे आहेत. ज्यांचे 'यू'चे असतील (यूसीएच ८१, यूएल ८४) त्यांनी जपून, त्या सेटमध्ये चासीच थेट मेनला जोडलेली असते.

सातारकर_ताई
काका, पिन २ वर १४ व्होल्ट होते! पुण्याला तपकीर गल्लीतून पार्ट आणले, भाच्याने सोल्डर केले. आता शून्य. पिन ३ (कॅथोड) वर ७ व्होल्ट, तेही ठीक. तासभर चालला, प्लेट काळीच. आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून धावत आली. फक्त पुणे ७९२ किलोहर्ट्झला हवं ते काटा ९०० जवळ असताना लागतं. आयएफटीचे (आतल्या ट्यूनिंगच्या डब्यांचे) स्क्रू फिरवू का?

कंडेन्सर_काका
मुळीच नको! बरे चालणारे सेट त्या स्क्रूंपायी बिघडलेले पाहिलेत मी. आधी काटा बघा, दोरीवर सरकला असेल. गँग (बटणाने फिरणारा पात्यांचा कंडेन्सर) पूर्ण मिटवा, काटा ५५० कडच्या टोकाच्या खुणेवर आणा आणि दोरीला पक्का करा. मग घरातले एलईडी दिवे बंद करून ऐका, मीडियम वेव्हवरची बरीच खरखर तिथूनच येते.