ऑटिझम: लांबच्या जोडण्या खरंच कमकुवत, की मूल स्कॅनरमध्ये हललं?

प्रश्न: ‘अबाइड’ या अनेक केंद्रांच्या ऑटिझम-संग्रहाचा रेस्टिंग-स्टेट एफएमआरआय (काही न करता पडून असताना घेतलेले मेंदूच्या कामाचे स्कॅन) डेटा तपासतोय. ऑटिझम असलेल्या मुलांत मेंदूच्या दूरच्या भागांतली जोडणी (त्यांचे सिग्नल एकत्र चढउतरण्याचं प्रमाण) कमी, जवळची जास्त दिसते. हा निष्कर्ष धरावा का?

उत्तर: आधी हालचाल बघा. डोकं अर्धा मिलिमीटर हललं तरी नेमकं हेच चित्र उमटतं. संशोधक जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ते दाखवलं. प्रत्येक फ्रेमचं (स्कॅनमधल्या एकेका चित्राचं) विस्थापन, म्हणजे आधीच्या फ्रेमपासून डोकं किती सरकलं ते, मोजा, ०.२ मिमीवरच्या फ्रेम वगळा. पाच मिनिटांहून कमी डेटा उरला तर ते मूल विश्लेषणात घेऊ नका. मग दोन्ही गटांची सरासरी हालचाल जुळते का, ते पाहाच.

दुसरं उत्तर: एक भर. अबाइडच्या पहिल्या संचातले १,११२ जण १७ केंद्रांतले आहेत. स्कॅनर वेगळे, कुठे डोळे उघडे, कुठे मिटलेले. केंद्राचा परिणाम मॉडेलमध्ये घ्याच. आणि कडक गाळणीत जास्त आधार लागणारी मुलंच गळतात. त्यांच्याबद्दल मग काही बोलता येत नाही, हे स्पष्ट लिहा.

प्रश्नकर्ता: ग्लोबल सिग्नल, म्हणजे अख्ख्या मेंदूचा सरासरी सिग्नल, डेटातून काढून टाकू का?

उत्तर: काढून आणि न काढता, दोन्ही करा. काढल्यावर सहसंबंध ऋण बाजूला सरकतात. गटांतला फरक उलटूही शकतो.