मदत हवी आहे: शिष्यवृत्तीच्या अर्जात संस्थेचा नोंदणी क्रमांक मागतायत, आमचा गट नोंदवलेलाच नाही

कोयनाकाठची
नमस्कार मंडळी. तातडीने मदत हवी आहे. तरुण नेतृत्वासाठीच्या एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरतेय, फक्त ९ दिवस उरलेत. सगळं भरत आले आणि 'संस्थेचा नोंदणी क्रमांक' या रकान्यापाशी अडले. तो रिकामा सोडला की पान पुढे सरकत नाही. काय टाकू? एक सल्लागार म्हणतायत, पंधरा हजार द्या, आठवड्यात नोंदणी करून देतो. द्यावेत का? दिवसभर शेतात असते, रात्री जागून भरतेय. कृपया लवकर सांगा.

सांगलीकर
कोणती शिष्यवृत्ती? देशातली की बाहेरची? तुमचं वय, शिक्षण? काम नेमकं काय? पैसे तुम्हाला मिळणार की गटाला? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

निवृत्त_मास्तर
बाळ, आधी एक सांगतो. पंधरा हजार देऊ नकोस. संस्था नोंदवायची तर १८६० चा संस्था नोंदणी कायदा, त्यात किमान ७ सभासद लागतात. शिवाय आपल्या राज्यात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही नोंद करावी लागते. घटना, ठराव, सभासदांची ओळखपत्रं, जागामालकाचं संमतीपत्र. गावच्या वाचनालयासाठी मी साताऱ्याला सहा हेलपाटे घातले, कारण दर वेळी आमचाच एक कागद कमी असायचा. आठवड्यात होतं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस.

माणदेशी
मुख्यमंत्री फेलोशिप भरा ना! पदवी, ६० टक्के, एक वर्षाचा अनुभव आणि वय २१ ते २६. नाहीतर स्टेट बँकेची 'यूथ फॉर इंडिया' आहे, २१ ते ३२ वय, १३ महिने. माझ्या भाच्याने केली, मुलगा पार बदलून आला. दोन्हीत नोंदणी क्रमांकाची भानगडच नाही.

कोयनाकाठची
दादा, आभारी आहे. पण पहिलीत शासनाबरोबर काम असतं आणि दुसरीत बँक ज्या संस्थेकडे पाठवेल तिथल्या गावात राहावं लागतं. मग आमच्या गावातलं काम कोण बघणार?

सांगलीकर दादा, सांगायचं राहिलंच. वय २४, बीएस्सी ॲग्री, गाव कराड तालुक्यात. आम्ही अकराजण आहोत, पाच मुली आणि सहा मुलं. ऊस तुटून गेला की रानात राहिलेलं पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवू द्यायचं नाही, हे आमचं काम. शेतकऱ्याच्या रानात जाऊन स्वतः पाचट सरीत दाबून देतो, बुडखे छाटून देतो. दोन हंगामांत दोन गावांत मिळून ६१ एकर झालं. सुरुवात कशी झाली तर शेजारच्यांनी संध्याकाळी फड पेटवला, वारं फिरलं आणि आमच्या बांधावरची ठिबकची अख्खी नळी वितळली. सकाळी दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर काळी कुसळं पडलेली. आजीला दम्याचा त्रास आहे, ती रात्रभर उशीला टेकून बसून होती. नळीचं दुःख नाही, पण त्या रात्रीनंतर मला गप्प बसवेना.

घाटमाथा
ताई, काम चांगलंय पण पाचट ठेवलं की हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, वाढते, उंदीर होतात. आमच्याकडे दोन वर्षं ठेवून बघितलं आणि परत पेटवायला लागलो. खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर परत फुटलेल्या उसाला, पाणी देताना सरी तुंबते ते वेगळंच.

सांगलीकर
हुमणीचा पाचटाशी काय संबंध? वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे कडुनिंब-बाभळीवर येतात, तिथे रात्री गोळा करून मारायचे असतात. पाचट कुजवलं नाही म्हणून सरी तुंबली असेल. एकरी साधारण एक पोतं युरिया, एक पोतं सुपर फॉस्फेट आणि ४ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकलंत का? नुसतं पसरून ठेवलं तर तुंबणारच. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, एवढा सेंद्रिय माल काडी लावून घालवायचा?

घाटमाथा
संवर्धक टाकलं होतं साहेब. जमीन जमीन असते. तुमच्याकडची काळी, आमची मुरमाड.

निवृत्त_मास्तर
मंडळी, मुलीचे ९ दिवसांतले दोन गेले.

येरळाकाठ
मला एक वेगळं सांगायचंय. शिष्यवृत्तीच्या मागे कशाला लागता? बळीराजा धरण आठवा. येरळेच्या पात्रातली वाळू विकून लोकांनी धरणाला पैसा उभा केला, पाणी समान वाटायचं ठरवूनच. लोकवर्गणी काढा, गाव मागे उभं राहतं. बाहेरचा पैसा आला की गटात भांडणं लागतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

माणदेशी
काका, त्या धरणामागे वर्षानुवर्षांची चळवळ होती. अकरा पोरांनी तसं एका हंगामात कसं करायचं?

हिशेबनीस
उशिरा बघितला धागा. मूळ प्रश्नाकडे येतो. दोन गोष्टी वेगळ्या करा: व्यक्तीला मिळणारी शिष्यवृत्ती आणि प्रकल्पाला मिळणारा निधी. सगळा घोळ इथेच होतो.

परदेशातून सामाजिक कामासाठी निधी घ्यायचा तर २०१० चा विदेशी अंशदान कायदा लागतो. त्या नोंदणीसाठी संस्था साधारण ३ वर्षं जुनी हवी आणि मागच्या ३ वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख खर्च झालेला हवा. नाहीतर त्या एका देणगीपुरती पूर्वपरवानगी. म्हणजे उद्या धर्मादायची नोंदणी हातात आली तरी परदेशी पैसा लगेच घेता येत नाही. पंधरा हजार कशाचे देणार?

परिषदेला किंवा प्रशिक्षणाला नेणाऱ्या शिष्यवृत्त्या सहसा व्यक्तीच्या नावे असतात. 'वन यंग वर्ल्ड' या तरुणांच्या जागतिक परिषदेच्या बऱ्याच शिष्यवृत्त्या अशाच: प्रवेश, राहणं, विमानाचा खर्च तेच करतात. ताई, तुमची कोणत्या प्रकारची? अर्जाच्या पहिल्या पानावर 'काय दिलं जाईल' ते वाचून इथे लिहा.

पाटण_खोरे
एवढं कशाला? ओळखीची नोंदणीकृत संस्था गाठायची, तिचा क्रमांक टाकायचा, पैसे तिच्या खात्यावर घेऊन नंतर तुमच्याकडे वळते करायचे. सगळे असंच करतात.

हिशेबनीस
कृपया असे सल्ले देऊ नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर विदेशी निधी एका संस्थेने दुसऱ्याला वळता करायला बंदी आहे. ती संस्थाही अडकेल आणि ही मुलगीही. आणि दुसऱ्याचा क्रमांक स्वतःचा म्हणून टाकणं ही अर्जातली खोटी माहिती झाली.

पाटण_खोरे
२०२० चं माहीत नव्हतं. पण एखाद्या संस्थेने उघडपणे 'हा आमचा उपक्रम' म्हटलं तर?

हिशेबनीस
तर ते खरंच त्यांच्या ठरावात, जमाखर्चात असलं पाहिजे. अर्जापुरतं नाही.

कोयनाकाठची
पहिलं पान आत्ता नीट वाचलं. आधी वाचायला हवं होतं. परदेशातली एका आठवड्याची परिषद आहे, वय १८ ते ३०. विमान, राहणं, शुल्क ते भरतात. रोख पैसे कुणालाच नाहीत. मी समजत होते की निवड झाली की गटाला निधी मिळेल आणि त्यातून पाचट कुट्टीचं यंत्र घेता येईल. तेच गटातल्या सगळ्यांना सांगून बसलेय.

निवृत्त_मास्तर
मग आज रात्री अकराजणांना बसवून खरं सांग. उद्यावर ढकलू नकोस.

हिशेबनीस
मास्तरांशी सहमत. आणि संपर्काच्या पत्त्यावर दोन ओळींचं पत्र टाका: नोंदणी नसलेल्या गटाने हा रकाना कसा भरावा? शाश्वत विकासाच्या १७ ध्येयांपैकी एकच निवडा, सगळ्यांपुढे खूण करू नका. हवामान कृतीचं १३ वं ध्येय तुमच्या कामाला सरळ लागू पडतं. ६१ एकराच्या बरोबरीने किती शेतकरी आणि दुसऱ्या हंगामात त्यातल्या किती जणांनी परत पाचट ठेवलं, तेही लिहा. परत ठेवणारे हाच खरा पुरावा.

यंत्रासाठी वेगळी वाट बघू. राष्ट्रकुल देशांच्या युवा पुरस्कारांना १५ ते २९ वय चालतं, पण तेही व्यक्तीच्या नावे. यंत्र घ्यायचं तर कृषी विभागाची अवजारांची अनुदान योजना बघा, नाहीतर कारखान्याच्या ऊस विकास विभागाकडे जा.

माणदेशी
पासपोर्ट आहे ना?

कोयनाकाठची
पासपोर्ट आहे, भावाबरोबर काढला होता.

काल रात्री गटाला सांगितलं. दोघं नाराज झाले. एकजण उठून गेला, सकाळी कोयता घेऊन फडात आला, बोलला मात्र नाही. परिषदवाल्यांचं उत्तर आलं: नोंदणी नसेल तर 'लागू नाही' लिहा आणि काम ओळखणाऱ्या स्थानिक व्यक्तीचं पत्र जोडा. सरपंचताई पत्र द्यायला तयार आहेत. सल्लागारांना नाही म्हणून कळवलं.

वह्या काढून मोजलं. ४३ शेतकरी. त्यातल्या २९ जणांनी दुसऱ्या वर्षी परत पाचट ठेवलं. १४ जणांनी पेटवलं. तेही लिहू का?

हिशेबनीस
लिहा. का पेटवलं तेही त्यांना विचारून लिहा.

घाटमाथा
ताई, त्या १४ जणांत मुरमाड रानं किती आहेत तेवढं बघाल का? मला खरंच हवंय.