बारा मैलांपलीकडे उपऱ्या प्रजातींचा गुन्हा लावायचा, तर कुणावर?

खारावारा
२००६ साली ब्राझीलहून सिंगापूरकडे ओढत नेला जाणारा एक तेलफलाट (समुद्रातलं तेल काढायचा तरंगता मंच) दक्षिण अटलांटिकमध्ये टगपासून, म्हणजे ओढणाऱ्या बोटीपासून सुटला आणि ट्रिस्टन दा कुन्या बेटावर जाऊन बसला. निघण्याआधी त्याचं बूड खरवडलंच नव्हतं. पाणबुड्यांनी पाहिलं तर त्या बेटाच्या पाण्यात कधी नसलेल्या ६२ प्रजाती अंगावर घेऊन तो आला होता. फलाट पुढे तिथून हलवून बुडवला, पण त्याच्याबरोबर आलेली चंदेरी माशाची एक जात तिथेच राहिली आणि वाढली. जेमतेम अडीचशे वस्तीचं बेट, लॉबस्टरच्या मासेमारीवर जगणारं.

उपरी प्रजाती निसर्गात सोडणं हा कित्येक देशांत गुन्हा आहे, पण बऱ्याच ठिकाणी तो कायदा किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांवर थांबतो. माझं मत सरळ आहे: तो २०० मैलांपर्यंत, म्हणजे किनारी देशाच्या आर्थिक हक्काच्या पट्ट्याच्या टोकापर्यंत न्या. जहाजं, तेलफलाट, समुद्रातल्या पवनचक्क्या, सगळ्यांना लावा.

इंजिनरूम
वीस वर्षं जहाजांवर काढली आहेत, म्हणून बोलतो. बॅलास्टच्या, म्हणजे जहाजाचा तोल राखायला टाक्यांत भरलेल्या पाण्याला कायदा आहेच. २००४ चा करार २०१७ पासून लागू झाला. सोडलेल्या एका घनमीटर पाण्यात ५० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी हवेत, इतका काटेकोर. त्यासाठी यंत्रं बसवली, नोंदवह्या ठेवतो, तपासणीही होते.

तुम्ही म्हणताय ते बुडावर चिकटून येणाऱ्यांचं. सी चेस्टच्या (बुडातल्या पाणी ओढायच्या खोबणीच्या) जाळीमागे काय वाढतंय हे ड्राय डॉकमध्ये, म्हणजे कोरड्या गोदीत गेल्याशिवाय कुणालाही धड दिसत नाही. दोन डॉकिंगच्या मध्ये जहाज चाळीस बंदरं फिरतं. कुठलं शिंपलं कुठे चढलं आणि कुठे उतरलं, कोर्टात सिद्ध कोण करणार? डॉकिंग पुढे ढकलणार मालक, आणि बंदरात बेड्या कॅप्टनला. मी ज्या कंपनीत होतो तिथे बुडावर जीव चढू नयेत म्हणून लावायच्या रंगाचं बजेट कापलं तेव्हा आम्हाला कुणी विचारलंही नव्हतं.

पोटकलम
दोघेही जहाज आणि फलाट एकाच टोपलीत टाकताय. समुद्र कायद्याच्या १९८२ च्या करारात दोन्हींची जात वेगळी आहे. कलम ६० प्रमाणे २०० मैलांच्या पट्ट्यातल्या तेल-वायूच्या आणि तत्सम बांधकामांवर किनारी देशाचाच अधिकार, तिथे गुन्हा लावायला आडकाठी नाही. परदेशी झेंड्याच्या जाणाऱ्या जहाजाचं तसं नाही. त्याच्या प्रदूषणाबाबत किनारी देशाने करायचे नियम सर्वमान्य आंतरराष्ट्रीय नियमांना धरूनच हवेत, आणि कलम २३० म्हणतं की १२ मैलांपलीकडच्या प्रदूषणाला फक्त दंड, तुरुंग नाही. तेव्हा इंजिनरूम, बेड्यांची भीती थोडी कमी करा.

आता खरी गंमत. करारातली प्रदूषणाची व्याख्या ‘पदार्थ किंवा ऊर्जा’ अशी आहे. जिवंत खेकडा पदार्थ का? कलम १९६ मध्ये उपऱ्या प्रजातींचा उल्लेख प्रदूषणापासून वेगळा केलाय. म्हणजे कलम २३० चं संरक्षण इथे मिळतं की नाही, यावरच दोन वकील महिनाभर भांडतील.

इंजिनरूम
म्हणजे भीती कमी करा म्हणालात आणि पुढच्याच परिच्छेदात वाढवलीत! धन्यवाद.

भरतीरेषा
कायद्यातलं मला कळत नाही, प्राण्यांचं थोडं कळतं. शिक्षेने प्रजाती परत जात नाही. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनच्या मरीनांमध्ये, म्हणजे होड्या लावायच्या गोद्यांमध्ये, काळ्या पट्ट्यांचे उपरे शिंपले सापडले. त्या मरीनांना लॉकचे, म्हणजे पाणी अडवणारे दरवाजे होते. ते लावून आत क्लोरीन आणि मोरचूद ओतला, शिंपल्यांसकट बाकीचंही बरंच काही मेलं, आणि संकट टळलं. टळलं ते लवकर दिसलं आणि दार होतं म्हणून. भर समुद्राला दार कुठलं?

उलट गुन्ह्याच्या धाकाने मालक बंदराबाहेर पाण्यातच घाईघाईने बूड घासून घेतील. मलबा गोळा न करता घासलं की तुकडे, अंडी, पिल्लं सगळं तिथेच पडतं. म्हणजे कायदा टाळण्यासाठी केलेली सफाई हाच मोठा प्रसार.

खारावारा
हा मुद्दा मी धरला नव्हता, मान्य. मग प्रजाती पसरली हे सिद्ध करण्याच्या भानगडीत पडूच नका. ‘बूड न तपासता, न खरवडता हलवलं’ हाच गुन्हा धरा. मलबा न गोळा करता घासणं हाही. फलाट वर्षानुवर्षं एका जागी उभा असतो, त्याच्यावर अख्खं जंगल वाढतं, आणि हलवायचा दिवस आधीपासून ठरलेला असतो. ‘वेळ नव्हता’ ही सबब तिथे चालत नाही. न्यूझीलंडने २०१८ पासून येणाऱ्या जहाजांना बूड स्वच्छ असण्याची सक्ती केली आहे, तिथली जहाजवाहतूक काही बंद पडली नाही.

इंजिनरूम
फलाटापुरतं कबूल. पण आरोपी टगवाला नको, फलाटाचा मालक हवा. टगवाल्याला दोर मिळतो, बुडाचा इतिहास मिळत नाही.

पोटकलम
मग ड्रिलिंग जहाजाचं काय? विहिरीवर उभं असताना फलाटासारखं, निघालं की जहाज. सकाळी एक कायदा, दुपारी दुसरा.

भरतीरेषा
आणि पवनचक्क्या? त्या हलत नाहीत, तरी उत्तर समुद्रात त्यांच्या खांबांवर एक जपानी चिलट ठाण मांडून आहे. वाळूच्या तळाच्या समुद्रात आपण कठीण पृष्ठभागाच्या पायऱ्याच बांधून दिल्या. हलवलंच नाही तर तुमचा गुन्हा घडलाच नाही.

खारावारा
रोवलेल्या खांबांना माझा गुन्हा लागत नाही, खरंय. तरंगत्या पवनचक्क्या मात्र मोठ्या दुरुस्तीसाठी बंदरात ओढून आणतात. त्यांना लागेल.

इंजिनरूम
ओढणाऱ्या टगचं स्वतःचं बूड कोण बघणार तेही लिहून ठेवा.