शब्दचर्चा: 'वॉर फोटोग्राफर' कवितेतला 'नैतिक पेच' आणि 'मूक संमती'

चांदणवेल: कॅरल ॲन डफी यांच्या 'वॉर फोटोग्राफर' या कवितेवर (संग्रह 'स्टँडिंग फीमेल न्यूड', 1985) विद्यार्थ्यांसाठी मराठी टिपण करते आहे. युद्धाचे फोटो काढून इंग्लंडला परतलेला छायाचित्रकार डार्करूममध्ये ते छापतो आणि तिथले प्रसंग आठवतो, अशी ही कविता. 'मॉरल डायलेमा'ला धर्मसंकट म्हणावं की द्विधा? दुसऱ्या कडव्यातल्या 'सोल्युशन्स'ला 'द्रावणं' पुरेसं आहे का? तिसऱ्या कडव्यात फोटोतल्या माणसाची बायको आक्रोश करते, तिथे 'पत्नीची मूक संमती घेऊन' असं लिहिलंय आणि शेवटच्या 'इम्पॅसिव्हली'साठी 'निर्विकारपणे'. कृपया तपासा.

तिरकस: आधी एक खात्री करून घ्या. कॅरल सत्यमूर्ती यांचीही याच नावाची कविता आहे आणि मुलं दोन्हींची टिपणं सर्रास एकत्र करतात. डार्करूम, लाल दिवा आणि रविवारची पुरवणी असेल, तर ती डफींची.

'द्विधा' नको. द्विधा ही मनाची अवस्था. करू की नको, यात अडकलेल्या माणसाची. या माणसाने फोटो काढून झालेला आहे आणि तेव्हा हात कापले नव्हते, असं कविता स्पष्ट सांगते. कापतात ते आता, घरी. 'धर्मसंकट' अर्थाने जवळचं आहे, कारण दोन्ही बाजूंना कर्तव्यच उभं आहे: समोरच्या बाईचं दुःख आणि जगाला ते दाखवण्याची गरज. पण त्या शब्दामागून कुरुक्षेत्र आणि अर्जुन आपोआप येतात. इथे पहिल्याच कडव्यात चर्च आणि मिस्सा आहे, त्यात आणखी एक धर्म घुसवू नका. 'पेच' साधा आहे आणि सुटला की नाही हे सांगत नाही. 'शृंगापत्ती' हा 'डायलेमा'चा पारिभाषिक शब्द तर्कशास्त्राच्या तासाला ठेवा.

हायपो: डार्करूमच्या बाजूने थोडं, कारण इथे अर्थाच्या चुका तंत्रामुळे होतात. 'लाल दिव्यात तो फिल्म धुतो' हे वाक्य टिपणात असेल तर काढा. कृष्णधवल छपाईचा कागद लाल प्रकाशाला जवळजवळ दाद देत नाही, म्हणून लाल दिवा चालतो. पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळ्या रंगांना दाद देणारी, फिल्म लाल प्रकाशानेही काळी पडते. ती टाकीत भरताना मिट्ट काळोखच लागतो. म्हणजे पहिल्या कडव्यात ओळीने मांडलेली रिळं एकतर धुऊन झालेली आहेत किंवा अजून डबीत बंद आहेत. दुसऱ्या कडव्यातले ट्रे कागदासाठीचे: चित्र उमटवणारा डेव्हलपर, ती क्रिया थांबवणारा स्टॉप बाथ, मग चित्र पक्कं करणारा फिक्सर, ज्याला आपल्याकडे स्टुडिओत हायपोच म्हणतात. तापमान साधारण 20 अंश सेल्सियस, डेव्हलपरमध्ये एक ते दोन मिनिटं. ट्रेची एक कड हलकेच उचलून सोडत राहायची, नाहीतर कागदावर डाग धरतात. त्यामुळे द्रावण हलणं हा नेहमीच्या कामाचाच भाग आहे. थरथर त्यात मिसळते, एवढंच.

म्हणून दुसऱ्या कडव्यात ट्रेमधली द्रावणं 'स्लॉप' होतात, त्याला हिंदकळणे बरोबर. 'उसळणे' फार जोराचं, 'सांडणे' म्हणजे काम बिघडलं.

आता तिसरं कडवं. 10 ते 20 सेकंदांत चित्र उमटू लागतं, पण सगळं एकदम नाही. आधी सर्वांत गडद भाग: केस, डोळ्यांच्या खाचा, हनुवटीखालची सावली. गालकपाळ मागाहून. त्यात वर द्रावणाची लाट, त्यामुळे चेहरा वाकडा होतो. 'अर्धवट घडलेलं भूत' ही कल्पना डोळ्यांसमोरच्या कागदातून आली आहे. इथल्या 'ट्विस्ट'साठी 'पिळवटतो' घ्या. चेहरा यातनेने पिळवटतो आणि लाटेनेही. 'आकार घेतो' म्हटलं की नुसतं तंत्र उरतं.

चौथ्या कडव्यातल्या 'शंभर यातना' म्हणजे किती? 35 मिमीच्या रिळात 36 फ्रेम, तीन रिळं म्हणजे 108. अतिशयोक्ती नाही, हिशेब आहे. त्यातून संपादक पाच-सहा उचलणार.

चांदणवेल: 'सोल्युशन्स'चं काय? द्रावण आणि उत्तर असा श्लेष आहे ना? 'मात्रा' चालेल का? औषधाची मात्रा, शिवाय 'मात्रा चालत नाही'.

तिरकस: युक्ती सुचली छान, पण डेव्हलपरला मात्रा कोणी म्हणत नाही. वाचक वैद्याच्या दुकानात जाईल. मजकुरात 'रसायनं' लिहा आणि श्लेष टिपेत सांगा. मराठीत तो जमत नाही, बळेच आणू नये.

पहिल्या कडव्यातल्या 'बेलफास्ट. बैरुत. नॉम पेन्ह.' या हिंसाचार पाहिलेल्या शहरांच्या नावांमध्ये स्वल्पविराम आणि 'आणि' घालू नका. प्रत्येक नावानंतर पूर्णविराम आहे, धर्मगुरू एकेक नाव उच्चारतोय तसा. लगेच येणारं 'सर्व देह गवत आहे' हे बायबलमधल्या यशयाच्या 40व्या अध्यायातलं आहे. आणि यादीला 'परदेशी युद्धभूमी' म्हणू नका. बेलफास्ट युनायटेड किंगडममध्येच आहे.

रानवारा: मूक संमतीबद्दल माझा ठाम विरोध. मराठीत 'मूक संमती' म्हणजे समोरची व्यक्ती गप्प राहिली आणि तेवढ्याने होकार धरला. कवितेत मुकं काय आहे? मागणं. त्याने शब्दांवाचून विचारलं. बाईने काय उत्तर दिलं, ते कवितेत नाही. आहे तो फक्त तिचा आक्रोश. तुमच्या वाक्यात 'घेऊन' आलं आणि फोटोग्राफर निर्दोष सुटला! आक्रोश करणारी बाई होकार देऊ शकते का, हाच तर पेच. असं लिहा: 'शब्दांवाचून तिचा होकार मागितला'. 'परवानगी'ही नको, ती कचेरीत मिळते.

पुढचं 'कोणीतरी करायलाच हवं ते' हेसुद्धा तसंच ठेवा. 'कर्तव्य बजावलं' लिहिलंत की निकाल लागला.

हायपो: याला जोडून. दुसऱ्या कडव्यातली शेतातून धावणारी मुलं वाचून सगळ्यांना 8 जून 1972चा, व्हिएतनाममधल्या त्रांग बांगच्या नापाम (चिकटून जळणारं इंधन) हल्ल्याचा फोटो आठवतो. कविता व्हिएतनामचं नाव घेत नाही, तेव्हा 'आठवण करून देते' एवढंच म्हणा. मूळ फ्रेममध्ये उजवीकडे एक छायाचित्रकार कॅमेऱ्यात रीळ बदलताना दिसतो. सर्वत्र छापल्या गेलेल्या रूपात ती बाजू कापलेली आहे. 'संपादक निवडतो' याचा अर्थ शिकवायला हे उदाहरण उपयोगी.

तिरकस: 'निर्विकार' मला खटकतो. त्याला आपल्याकडे साधूपणाची झाक आहे. विकार जिंकलेला तो निर्विकार. 'भावनाशून्य' म्हणजे उलट आरोप. 'कोरड्या नजरेने' घ्या. वाचकांचे डोळे आंघोळ आणि जेवणाआधीच्या बिअरच्या मधे जरासे ओलावतात, त्यांच्या शेजारी याची कोरडी नजर बोलते. ती दगड झाली आहे की आवरून धरली आहे, हे वाचणाऱ्याने ठरवावं.

चांदणवेल: आणि शेवटचं 'डू नॉट केअर'? 'पर्वा नाही' सपाट वाटतं.

रानवारा: 'त्यांना सोयरसुतक नाही.' सोयर जन्माचं, सुतक मृत्यूचं. मेलेला आपला कोणी नाही, म्हणून पाळायचं काही नाही. मात्र 'त्यांना'च ठेवा, 'इंग्रज वाचकांना' असं उलगडू नका. विमानातून तो जिथे पोट भरतो ती जागा पाहतो. ती इंग्लंड की युद्धाची भूमी, यावर दोन्ही वाचनं चालतात. बहुतेक जण इंग्लंड धरतात, मीही. टिपेत दोन्ही द्या.