तेलकट टॉवेलचं काय करायचं

अंगाला तेलाची मालिश केल्यावर ते तेल निघायला साबणच हवा असं बरेचजण म्हणतात, ते मला नाही पटत. आंघोळीचं पाणी अंगावर घ्यायच्या आधीच बेसन किंवा मसूर डाळीचं पीठ कोरडंच चोळायचं, पीठ तेल धरून ठेवतं आणि चोळताना गळून पडतं, मग कोमट पाण्याने धुतलं की त्वचा मऊ राहते, साबण फक्त काखेत वगैरे. पडलेलं पीठ मात्र मोरीत ढकलू नका, कागदाने उचलून कचऱ्यात टाका. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे थंडीत ते पाइपात जाऊन बसतं आणि त्यावर पीठ चिकटलं की मोरी तुंबलीच.

पण मालिशनंतर तेलकट झालेल्या टॉवेलबद्दल कुणीच बोलत नाही आणि ते खरंच महत्त्वाचं आहे. जवस, करडई, तीळ अशी तेलं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता सोडतात (जवसाचं सगळ्यात जास्त) आणि तेलकट कापडांचा ढीग असेल तर ती आत साठत जाऊन ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. ड्रायरमधून गरमागरम काढून घडी घातलेल्या टॉवेलना हा धोका जास्त, कारण एका धुण्यात सगळं तेल निघत नाही. म्हणून मालिशला एक जुना सुती पंचा वेगळाच ठेवा, गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवा, वेगळा धुवा आणि दोरीवर पसरून वाळवा. घरात म्हातारी माणसं असतील तर ती घसरू नयेत म्हणून तेल सांडलेली फरशीसुद्धा लगेच सोड्याच्या गरम पाण्याने घासून घ्या प्लीज.